दम आधी येतो, हाडं मागून

नव्याने पळायला लागलेली माणसं दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला पहिल्याच दिवशी येतो: "अर्ध्या मिनिटात धाप लागते, माझी फुप्फुसं कमजोर आहेत का?" दुसरा दीड-दोन महिन्यांनी येतो: "सगळं छान चाललं होतं, वीस-पंचवीस मिनिटं न थांबता पळत होतो, मग मध्येच नडगी का धरली?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोड्या धीराने आपोआप मिळतं. दुसरा प्रश्न मात्र अनेकांचं पळणं कायमचं थांबवतो, आणि तोही नेमका उत्साह टिपेला पोचलेला असताना. भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारा विशीतला मुलगा असो, की रक्तातली साखर वाढली म्हणून चाळिशीत बूट घेतलेली गृहिणी असो, दोघांच्याही वाट्याला हाच क्रम येतो. आधी झपाट्याने प्रगती होते आणि मग दुखणं येतं. दुखणं आलं की दोघांनाही वाटतं, आपलं शरीर पळण्यासाठी बनलेलंच नाही.

मला हा समज मनापासून खोडून काढावासा वाटतो. पळताना शरीराचे सगळे भाग एकाच गतीने तयार होत नाहीत. रक्त काही दिवसांत बदलतं, स्नायू काही आठवड्यांत बदलतात, हाडांना आणि कंडरांना महिने लागतात. दम वाढला म्हणून आपण जास्त पळतो आणि तो जादा भार अजून तयार न झालेल्या हाडांवर पडतो. नवशिक्यांची बरीच दुखणी या तफावतीतून येतात. ती समजून घ्यायची तर क्रमाने जाऊ.

१. पहिल्या तीन मिनिटांची धाप

पळायला सुरुवात केली की मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंची ऊर्जेची गरज कित्येक पटींनी वाढते, आणि ती त्याच क्षणी वाढते. हृदयाचे ठोके आणि श्वास मात्र चढत चढत जातात. गरजेची बरोबरी साधायला त्यांना साधारण दोन ते तीन मिनिटं लागतात. तोवर स्नायू जवळची शिल्लक वापरतात आणि ऑक्सिजनशिवाय साखर फोडून काम भागवतात. त्यात रक्ताची आम्लता वाढते, मेंदूला ते कळतं आणि तो श्वास जोरात चालवायला लावतो. वर्षानुवर्षं पळणाऱ्यांनाही पहिली काही मिनिटं जड जातात. ती ओसरतात हे त्यांना माहीत असतं, म्हणून ते वेग थोडा कमी करून पुढे जातात. नवशिका नेमका तिथेच थांबतो.

यात फुप्फुसांचा दोष सहसा नसतो. निरोगी माणूस जोरात पळत असला तरी फुप्फुसांतून निघणारं रक्त ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं. मर्यादा पडते ती पुढे. हृदय मिनिटाला किती रक्त पाठवू शकतं आणि स्नायू त्यातला किती ऑक्सिजन उचलू शकतात, यावर तुमचा दम ठरतो. (दमा असेल, श्वास घेताना छातीत शिट्टी वाजत असेल, किंवा पळताना छातीत दाब येऊन तो हाताकडे, जबड्याकडे सरकत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी डॉक्टर. चाळिशीपुढच्या आणि मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्या माणसांनी सुरुवातीलाच तपासून घ्यावं.)

नवशिक्याच्या धापेचं दुसरं कारण साधं आहे: तो फार जोरात पळतो. शाळेतल्या शंभर मीटरच्या शर्यतीपासून पळणं म्हणजे जोरात पळणं हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं. योग्य वेग ओळखायला घड्याळ लागत नाही. पळता पळता सोबतच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. "काल आमच्याकडे पाणी आलंच नाही, टँकर मागवावा लागला" एवढं एका दमात म्हणता आलं तर वेग बरोबर. "काल... पाणी..." असं तुटत असेल तर वेग जास्त. पहिले काही आठवडे हा वेग जवळजवळ भराभर चालण्याइतकाच निघेल. बाजूने कुणी चालत पुढे गेलं तरी जाऊ द्यावं.

२. पहिला पंधरवडा: रक्त वाढतं

तीन-चार वेळा पळून झालं की शरीर पहिला बदल करतं, आणि तो रक्तात असतो. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. एक-दोन आठवड्यांत ही वाढ दहा टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. रक्त जास्त झालं की हृदयात परत येणारं रक्त वाढतं, हृदय जास्त भरतं आणि प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर ढकलतं.

याचा हिशेब मांडून पाहू. समजा, तुमच्या स्वस्थ बसलेल्या हृदयाचा एक ठोका ७० मिलिलिटर रक्त पाठवतो आणि मिनिटाला ७५ ठोके पडतात. म्हणजे मिनिटाला ५,२५० मिलिलिटर, सव्वापाच लिटर. शरीराला बसल्या जागी लागणारं रक्त तेवढंच आहे, पण आता एका ठोक्यात ८० मिलिलिटर जायला लागलं. मग ५,२५० भागिले ८०, म्हणजे ६६ ठोक्यांत काम भागतं. पळतानाही हेच होतं: तोच रस्ता, तोच वेग, पण ठोके कमी आणि धाप कमी. म्हणूनच तिसऱ्या आठवड्यात एखाद्या सकाळी ध्यानीमनी नसताना पाच मिनिटं सलग पळून होतात.

सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी, मनगटाची नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावी आणि वहीत लिहून ठेवावी. काही आठवड्यांत आकडा खाली येताना दिसतो. या नोंदीचा आणखी एक उपयोग आहे, तो शेवटच्या भागात सांगतो.

इथे एक गोष्ट स्त्रियांसाठी मुद्दाम. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तातला ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. तेच कमी असेल तर हृदयाने कितीही रक्त ढकललं तरी स्नायूंना ऑक्सिजन अपुराच पोचतो. महिनाभर नेमाने पळूनही धाप तसूभर कमी होत नसेल, जिने चढताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर "माझ्यात जिद्दच नाही" असं स्वतःला दोष देत बसण्याआधी हिमोग्लोबिन तपासावं. साधी, स्वस्त तपासणी आहे. लोह कमी निघालं आणि ते औषधाने भरून निघालं की पळणं सोपं झाल्याचं पुष्कळ जणींना जाणवतं.

३. दुसऱ्या दिवशीचा जिना

पहिल्या आठवड्यात पळण्याच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरणं कठीण जातं. मांड्या भरून येतात, पोटऱ्यांना हात लावू देत नाहीत. याला लोक लॅक्टिक ॲसिड साठलं असं म्हणतात. ते खरं नाही. पळताना तयार झालेलं लॅक्टेट तासा-दोन तासांत रक्तातून निघून जातं, आणि हे दुखणं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं.

खरं कारण स्नायूंच्या तंतूंना झालेली सूक्ष्म इजा आणि तिची दुरुस्ती हे आहे. स्नायू ताणला जात असताना जोर लावतो तेव्हा अशी इजा सर्वांत जास्त होते. पाऊल टेकताना मांडीचे स्नायू नेमकं हेच करतात, शरीर खाली कोसळू नये म्हणून ताणत ताणत धरून ठेवतात. उतारावर हे आणखी वाढतं. राजगड चढताना दम निघतो, पण मांड्या धरतात त्या उतरल्यावर, हे ट्रेक करणाऱ्या कुणालाही माहीत आहे. हे दुखणं दोन्ही पायांत सारखं असतं, स्नायूच्या मांसल भागात असतं आणि तीन-चार दिवसांत जातं. तोच भार पुन्हा दिला की पुढच्या वेळी ते बरंच कमी होतं. तेव्हा त्याला घाबरायचं कारण नाही. भीती बाळगायची ती पुढे येणाऱ्या वेगळ्या दुखण्याची.

४. दुसरा महिना: स्नायूंच्या आत

स्नायूंच्या पेशींत तंतुकणिका नावाचे अतिसूक्ष्म भाग असतात. ऑक्सिजन वापरून अन्नातून ऊर्जा काढण्याचं काम तिथे चालतं. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन हॉलोझी यांनी उंदरांना काही आठवडे पट्ट्यावर पळवलं आणि त्यांच्या स्नायूंची तपासणी केली. हे काम १९६७ साली प्रसिद्ध झालं. पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत तंतुकणिकांतल्या विकरांचं काम जवळजवळ दुप्पट झालेलं होतं. त्यापूर्वी पळण्याने फक्त हृदय सुधारतं असंच बहुतेकांना वाटे. पुढे माणसांतही हेच दिसलं. तंतुकणिका वाढतात आणि स्नायूंभोवती केसाहून बारीक अशा केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. त्यानंतर स्नायू चरबीही अधिक वापरू लागतो आणि वीस मिनिटांनी पाय जड होत होते ते अर्ध्या तासाने होतात.

सर्वांची वाढ सारखी नसते, हे आधीच माहीत असलेलं बरं. अमेरिकेत आणि कॅनडात क्लॉड बुशार आणि सहकाऱ्यांनी अनेक कुटुंबांतल्या माणसांना वीस आठवडे एकाच पद्धतीने सायकल चालवायला लावली. ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सरासरीने चांगली वाढली. पण काहींची जेमतेम हलली, तर काहींची सरासरीच्या दुपटीहून जास्त वाढली. एकाच घरातल्या माणसांचे निकाल मात्र एकमेकांशी बरेच जुळत होते. म्हणजे यात वारशाचा मोठा भाग आहे. तुमच्यासोबत सुरुवात केलेला मित्र दोन महिन्यांत पुढे निघून गेला तर त्याने जास्त कष्ट केलेच असतील असं नाही. आपल्या वहीची तुलना आपल्याच जुन्या पानांशी करावी.

एक मोठी अडचण हवामानाची. जानेवारीत सुरू केलेला माणूस एप्रिलमध्ये कळवळून सांगतो की वेग कमी झाला. उकाड्यात शरीराला रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे पाठवावा लागतो, स्नायूंना कमी मिळतं आणि त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. मुंबईत, कोकणात, गोव्यात हवा दमट. घाम वाहतो, पण वाळत नाही, आणि वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्या दिवसांत वेग उतरणं स्वाभाविक आहे. उन्हाळ्यात अंतर न बघता वेळ बघावी: वीस मिनिटं ठरली तर वीस मिनिटं, मग ती कितीही हळू होवोत. जिवाच्या आकांताने जानेवारीची वेळ गाठायला गेलेली माणसं चक्कर येऊन खाली बसलेली आपण पाहतो.

५. सहाव्या आठवड्याची नडगी

आता मुख्य प्रश्नाकडे. पळताना प्रत्येक पाऊल टेकतं तेव्हा पायावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट किंवा त्याहूनही जास्त भार येतो. ६५ किलो वजनाचा माणूस २४ मिनिटांत ३ किलोमीटर पळाला, मिनिटाला १६० पावलं पडली, तर एकूण पावलं ३,८४०. एका पायाच्या वाट्याला १,९२०. दर पावलाला सुमारे १६० किलोंचा भार. १,९२० गुणिले १६० म्हणजे तीन लाख किलोंहून अधिक, तीनशे टनांच्या वर, एका पायावर, एका सकाळी. चालताना दर पावलाचा भार वजनाच्या थोडाच वर असतो. खुर्चीत दिवस घालवणाऱ्या माणसाच्या नडगीने एवढा मार कधी खाल्लेला नसतो.

हाड ही जिवंत वस्तू आहे आणि भार वाढला की ते स्वतःला मजबूत करतं. मात्र ते कसं करतं हे समजलं नाही तर पुढचं काहीच समजत नाही. हाडात दोन प्रकारच्या पेशी काम करतात. एका प्रकारच्या पेशी थकलेलं, बारीक तडा गेलेलं हाड कुरतडून काढतात. त्यांच्यामागून दुसऱ्या येतात आणि रिकाम्या जागी नवं हाड भरतात. कुरतडण्याचं काम साधारण तीन आठवड्यांत होतं, भरण्याला तीन महिने लागतात.

कोकणात पावसाळ्याआधी कौलारू घर शाकारतात तेव्हा काय करतात ते आठवा. फुटकी कौलं आधी उतरवावी लागतात, वासे-रिपा उघड्या पडतात आणि मग नवी कौलं चढतात. शाकारल्यावर छप्पर पहिल्याहून पक्कं होतं, पण मधल्या दिवसांत ते पहिल्याहून कच्चं असतं. नवशिक्याचं हाड सुरुवातीच्या एक-दोन महिन्यांत अशाच अवस्थेत असतं: जुनं निघालेलं, नवं अजून न भरलेलं. आणि रक्त-स्नायूंच्या कृपेने दम वाढतो, वेग वाढवावासा वाटतो, रविवारी मित्रांबरोबर दहा किलोमीटर मारावेसे वाटतात, तेही नेमके याच आठवड्यांत.

डॉक्टरांच्या नजरेत हे आलं ते सैन्यामुळे. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी लांब कूच करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले, दुखरे पाय नोंदवले. हाडाला तडा गेल्याचं त्यांना कळायला मार्ग नव्हता. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि दोनच वर्षांत अशा पायांच्या छायाचित्रांत तळव्याच्या लांब हाडांना गेलेल्या रेषा दिसल्या. पडणं नाही, अपघात नाही, केवळ पुन्हा पुन्हा पडलेल्या भाराने हाड चिरलं होतं. नव्या रंगरुटांना भरतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असे तडे जातात हे आजही जगभरच्या सैन्यांत दिसतं.

आपल्याकडे याचा सर्वांत मोठा वर्ग भरतीच्या मैदानावर सापडतो. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, आणि शारीरिकच्या ५० पैकी २० गुण त्या एका धावेला आहेत. एकेका गुणाने निवड हुकते. त्यामुळे जाहिरात निघाली की कालपर्यंत न पळालेली मुलं आठवड्याचे सातही दिवस, बऱ्याचदा झिजलेल्या बुटांत, डांबरी रस्त्यावर वेळ लावून पळतात. घरची ओढाताण, वय निघून चाललेलं, पुढची जाहिरात कधी येईल ठाऊक नाही. अशा मुलाला "आराम कर" सांगणं सोपं नसतं. म्हणूनच त्याला आराम का, हे कळणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

अशी मुलं मैदानाच्या कडेला बसून नडगी चोळताना दिसतात. तिथे एक गोष्ट करून बघावी. बसून गुडघा वाकवायचा, नडगीच्या आतल्या कडेवरून, घोट्याच्या वर चार बोटांपासून सुरू करून, अंगठ्याने दाबत दाबत वर जायचं. दुखणं वीतभर लांबीत पसरलेलं असेल, पळायला लागल्यावर जास्त आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर ते बहुधा नडगीच्या कडेला आलेल्या ताणाचं आहे. भार निम्म्याने कमी केला, एक-दोन आठवडे चालण्यावर भागवलं, तर ते उतरतं. पण अंगठ्याखाली एकच रुपयाएवढी जागा कळ काढायला लावत असेल, पळताना दुखणं वाढत जात असेल, त्या पायावर लंगडी घालता येत नसेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला तडा गेल्याची शंका घ्यावी. पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं.

इथे पुष्कळ जण फसतात ते एक्स-रेमुळे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असा तडा साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही, भरून येऊ लागल्यावर दिसतो. "एक्स-रे नॉर्मल आलाय" म्हणून मुलगा परत मैदानात जातो आणि केसाएवढी चीर मोडीपर्यंत जाते. दुखणं तसंच असेल तर डॉक्टर एमआरआय सांगतील किंवा काही आठवडे विश्रांती देऊन पुन्हा बघतील. दोन्ही बाबतींत त्यांचं ऐकावं. वेळेवर थांबलं तर नडगीचा तडा बहुधा दोन-तीन महिन्यांत भरतो.

हाड भरून यायला माल लागतो. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे उन्हाच्या देशात असूनही सर्रास आढळते. आणि पोटभर न खाता पळणं हाडांना फार महागात पडतं. वजन लवकर उतरावं म्हणून जेवण निम्मं करून पळणाऱ्या मुलीची पाळी दोन-तीन महिने आली नाही तर ते "पळण्याने होतंच" म्हणून सोडून द्यायचं लक्षण नाही. शरीराला ऊर्जा पुरत नाही, त्याने पाळीचं चक्र थांबवलं आहे आणि हाडांची मजबुतीही त्याबरोबर घटते आहे. पळणं कमी करणं, जेवण वाढवणं आणि डॉक्टरांना भेटणं, तिन्ही लगेच व्हायला हवं.

हाडांहूनही संथ असतात कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या. टाचेच्या मागची जाड कंडरा चिमटीत धरता येते, सकाळी पहिलं पाऊल टाकताना ती आखडलेली वाटते. डॅनिश संशोधकांनी २०१३ मध्ये तिचं वय काढलं. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता, आणि त्या काळात शरीरात जे तयार झालं त्यात तो उतरला. त्यावरून दिसलं की या कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. भाराने ती हळूहळू ताठ आणि बळकट होते, पण त्याला महिने जातात. पहाटे पाच मिनिटांत सैल होणारा ताठरपणा चालेल. तो दिवसेंदिवस लांबत असेल तर उड्या, चढ आणि वेगाच्या फेऱ्या बंद करून नुसतं हळू पळावं आणि पायरीवर उभं राहून टाच सावकाश वर-खाली करण्याचा व्यायाम करावा.

६. मग वाढवायचं किती?

"आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका" हा नियम सगळीकडे ऐकू येतो. तो लावून पाहू. आठवड्याला एकूण ४ किलोमीटर पळणारा दर आठवड्याला दहा टक्के वाढवत गेला तर दहा आठवड्यांनी तो १० किलोमीटरवर येतो. ४० किलोमीटरवाला त्याच नियमाने दहा आठवड्यांत १०० च्या पुढे जातो. एकाच नियमाने पहिला कंटाळतो आणि दुसरा मोडतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनमध्ये चार मैलांच्या शर्यतीची तयारी करणाऱ्या ५३२ नवशिक्यांवर तो तपासला गेला आणि २००८ मध्ये निष्कर्ष आले. एका गटाने दहा टक्क्यांच्या नियमाने तेरा आठवडे तयारी केली, दुसऱ्याने नेहमीची आठ आठवड्यांची. दोन्ही गटांत साधारण पाचातला एक दुखावला.

माझ्या मते यातून घेण्यासारखं असं की टक्केवारीपेक्षा हाडांना मिळणारी उसंत महत्त्वाची. म्हणून आठवड्याला तीन दिवस पळावं, मध्ये एकेक दिवस सोडावा. भार एका पायरीने वाढवला की दोन-तीन आठवडे तिथेच राहावं, दम कितीही सांगू दे. दर चौथा आठवडा हलका ठेवावा. आणि दिवस, अंतर, वेग या तिन्हींपैकी एका वेळी एकच वाढवावं. एकाच आठवड्यात चौथा दिवसही धरला आणि फेऱ्याही लावल्या, तर महिनाभरात नडगी आठवण करून देते.

चालणं आणि पळणं आलटून पालटून करणं ही यातली सर्वांत चांगली युक्ती. १९९६ मध्ये जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने नऊ आठवड्यांचा असा आराखडा तयार केला आणि तो जगभर गेला. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भराभर चालायचं, मग एक मिनिट पळणं आणि दीड मिनिट चालणं असं वीस मिनिटं. शेवटी अर्धा तास सलग पळणं. मात्र पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी त्यात एकदम वीस मिनिटं सलग पळायला सांगितलं आहे. तिशी ओलांडलेल्या, वजन जास्त असलेल्या माणसाने इथे घाई न करता तोच आठवडा दोनदा-तीनदा करावा. नऊचे अठरा आठवडे झाले तरी काही बिघडत नाही.

हळू पळण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी. बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस तरुणपणी मित्राबरोबर पाच मैल पळताना पार गळून गेला आणि त्यातून स्वतःवर प्रयोग करू लागला. त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल यांनी ८०० मीटरचं आणि मरी हॅलबर्ग यांनी ५,००० मीटरचं सुवर्णपदक १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी जिंकलं. दोघांच्याही तयारीचा पाया महिनोन् महिने केलेलं लांब, बेताच्या वेगाचं पळणं हा होता. पुढे लिडियार्डनी ऑकलंडमध्ये हृदयविकारातून उठलेल्या प्रौढांनाही पळायला लावलं. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतले नावाजलेले प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे गेले आणि त्या मंडळींबरोबर टेकडीवर पळायला निघाले. तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या बॉवरमनना मागे पडताना पाहून सत्तरीतले, हृदयविकाराचे झटके सोसलेले एक गृहस्थ त्यांच्या सोबतीला थांबले. बॉवरमननी परतल्यावर ओरेगनमध्ये सामान्य लोकांना हळू पळायला शिकवलं आणि त्यावर पुस्तकही लिहिलं.

७. खंड पडला तर

खंड पडणारच. परीक्षा, लग्नसराई, गणपतीत गावी जाणं, व्हायरल ताप, नाहीतर वर सांगितलेली नडगी. पळणं थांबलं की आधी जातो तो आधी आलेला फायदा: प्लाझ्मा काही दिवसांतच कमी होऊ लागतो. तीन आठवड्यांनी परत पळायला गेलं की धाप जवळजवळ पहिल्या दिवसासारखी लागते आणि माणूस म्हणतो, सगळं वाया गेलं.

ते तितकं वाया गेलेलं नसतं. १९६६ मध्ये डलास इथे पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणातच ठेवलं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता पावपटीहून जास्त घसरली. तीस वर्षांनी तीच माणसं पुन्हा तपासली, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीहून कमी निघाली. अंथरुणात पडून राहणं एवढं महाग असतं. पण त्याच तरुणांनी १९६६ मध्येच लगेच आठ आठवडे व्यायाम केला, आणि गेलेलं परत मिळवून त्यातले बहुतेक सुरुवातीच्याही पुढे गेले. शिवाय आपण पळणं थांबवतो तेव्हा अंथरुणात पडत नाही, चालतो, जिने चढतो, बाजारात जातो. पाय दुखत नसेल तर खंडाच्या काळात रोज अर्धा तास भराभर चालावं. बरंच काही टिकतं.

परत येताना दम पुन्हा आधी येईल आणि पुन्हा फसवेल, ते लक्षात ठेवून सुरुवात करावी. आठवडाभराचा खंड असेल तर जिथे सोडलं तिथून, थोडं कमी. तीन आठवड्यांचा असेल तर निम्म्यापासून, चालणं-पळणं मिसळून. दोन-तीन महिन्यांचा असेल तर पहिल्या आठवड्यापासून. तापानंतर मात्र दिवस मोजू नयेत, वहीतली सकाळची नाडी बघावी. तापाआधी ती ६६ असायची आणि आता ७६ पडत असेल तर शरीराचं काम अजून संपलेलं नाही. त्या सकाळी फार तर सावकाश चालून यावं आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातच पुन्हा मोजावी. आकडा जुन्या जागी आला आणि दोन-तीन दिवस तिथे टिकला की मग बूट घालावेत, एक मिनिट पळावं, दीड मिनिट चालावं.